अंगठ्याचा कोन : केंब्रिजच्या दफनभूमीपासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत

आजचा धागा राजे, तह वा लढाया यांच्याविषयी नाही. तो पायाच्या अंगठ्याविषयी आहे. हसू आले तरी हरकत नाही; पण या धाग्यात एक राजाज्ञा आहे, चर्चचे फतवे आहेत, अमेरिकेचा लष्करी सर्जन आहे, आणि एकाच चुकीच्या समजुतीपायी पिढ्यान्‌पिढ्या चाललेले उपचार आहेत. तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

ज्या व्याधीबद्दल बोलायचे आहे तिला इंग्रजीत 'बनियन' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द उच्चारताच अंगात घालायचा गंजीफ्रॉक डोळ्यांसमोर येतो. दोघांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. कपड्याचे नाव 'वाणी' या आपल्याच शब्दाच्या घराण्यातले. पायाच्या उंचवट्याचे नाव बहुधा जुन्या फ्रेंचमधील सूज या अर्थाच्या शब्दावरून आलेले. मराठीत मात्र या दुखण्याला स्वतंत्र नाव रूढ नाही. कुरूप, भोवरी, जळवात ही पायाची दुखणी आपण नावानिशी ओळखतो, पण अंगठ्याच्या मुळाशी, पायाच्या आतल्या कडेला आलेला हा टणक उंचवटा दाखवून आपल्या आज्या एवढेच म्हणतात, "अंगठ्याचं हाड वाढलंय."

हे वाक्य लक्षात ठेवा. युरोपातील वैद्यांनीही दीर्घकाळ नेमके हेच मानले. आणि ते चुकीचे होते.

खरे काय घडते ते आधी पाहू. अंगठ्याच्या मागे, तळपायात, एक जाड आणि लांब हाड असते. चालताना शरीराचा मोठा भार त्याच्या टोकावरून पुढे जातो. या व्याधीत ते हाड हळूहळू आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकते आणि अंगठा नेमका उलट, शेजारच्या बोटांकडे कलतो. दोन हाडे जिथे मिळतात तिथे कोन तयार होतो, आणि त्या कोनाचे टोक बाहेर डोकावू लागते. त्यावर जोडा घासतो, त्वचेखालची द्रवाने भरलेली पिशवी सुजते, लाल होते, ठणकते. म्हणजे बाहेरून जे 'वाढलेले हाड' दिसते, ते बहुतांशी मुळातलेच हाड असते. फक्त त्याची जागा बदललेली असते. घराची भिंत कलली म्हणून कोपरा पुढे आला, तर कोपरा तासून भिंत सरळ होत नाही. वैद्यकाला ही साधी गोष्ट उमगायला आणि त्यानुसार वागायला किती काळ लागला, हीच आजची कथा.

कथेची सुरुवात थडग्यांपासून करू.

इंग्लंडमधील केंब्रिज शहर आणि त्याच्या परिसरातील चार दफनभूमींतून मिळालेल्या १७७ सांगाड्यांच्या पायांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. हे लोक ११व्या ते १५व्या शतकांदरम्यान पुरले गेलेले. मांस आणि त्वचा केव्हाच नाहीशी झालेली. पण अंगठा वर्षानुवर्षे कललेला असेल तर हाडाच्या टोकावर त्याच्या खुणा राहतात. संशोधकांनी त्या शोधल्या. ११व्या ते १३व्या शतकांतील लोकांपैकी केवळ ६ टक्क्यांच्या पायांत ही विकृती आढळली. १४व्या-१५व्या शतकांतील लोकांत हेच प्रमाण २७ टक्के निघाले.

असे काय घडले होते? जोडे बदलले होते. १४व्या शतकात युरोपात 'पुलेन' नावाच्या लांब, निमुळत्या चोचीच्या जोड्यांची लाट आली. टोक जितके लांब तितका माणूस प्रतिष्ठित, कारण असले जोडे घालून शेतात नांगर धरता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. आपल्याकडे पांढऱ्याशुभ्र धोतराची जी मिरवणूक होती, तीच तिकडे या चोचीची. फॅशन इतकी बोकाळली की १४६३ साली राजा चौथा एडवर्ड याने लंडनमध्ये जोड्याच्या टोकाची लांबी दोन इंचांपेक्षा कमी असावी असा कायदा केला. राज्यात गुलाबांची युद्धे पेटलेली असताना राजाला लोकांचे जोडे मोजायला सवड मिळाली, याचे मला नेहमीच नवल वाटते.

आता या अभ्यासातील खरी गंमत. दफनभूमीनुसार आकडे पाहिले, तर शहराबाहेरच्या खेड्यात हे प्रमाण ३ टक्के, शहरातील गोरगरिबांच्या वस्तीतील दफनभूमीत १० टक्के, आजच्या सेंट जॉन्स कॉलेजच्या जागेवर असलेल्या धर्मादाय रुग्णालयात २३ टक्के. आणि ऑगस्टिनियन मठात, जिथे संन्यासी आणि धनिक आश्रयदाते शेजारी शेजारी पुरले जात, तिथे ४३ टक्के! यातल्या ज्यांना निश्चितपणे धर्मगुरू म्हणून ओळखता आले अशा ११ जणांपैकी ५ जणांचे अंगठे वाकलेले होते. वास्तविक चर्चने १२१५ सालीच धर्मगुरूंना टोकदार जोडे वापरण्यास मनाई केली होती. तोच हुकूम १२८१ आणि १३४२ साली पुन्हा काढावा लागला. एकच आज्ञा पुन्हा पुन्हा काढावी लागते, तेव्हा ती पाळली जात नाही, असे इतिहासाच्या विद्यार्थ्याने खुशाल समजावे. इथे तर त्याचा पुरावा हाडांतच सापडला.

पण हे केवळ मिरवण्याचे हसू नव्हे. याच सांगाड्यांत, ज्यांचे अंगठे वाकलेले होते त्यांच्या शरीरांत इतर हाडे मोडल्याच्या खुणाही अधिक होत्या. विशेषतः पंचेचाळिशी ओलांडलेल्यांत, पडताना माणूस सावरण्यासाठी हात पुढे करतो तेव्हा होणारे अस्थिभंग दिसले. अंगठा जागेवर नसेल तर तोल सांभाळणे कठीण जाते, हे आजच्या वृद्धांच्या अभ्यासांतूनही ज्ञात आहे. त्या काळी ना गुळगुळीत रस्ते, ना हाड बसवणारी शस्त्रक्रिया. वाकलेल्या अंगठ्याच्या म्हाताऱ्याला एक ठेच महागात पडू शकत होती.

या माणसांवर कोणते उपचार झाले असतील? लेप, पट्टी, आणि सहनशीलता. पुढची तीन-चारशे वर्षे यात फार बदल झाला नाही, म्हणून आपणही तो काळ झटकन ओलांडू.

१८व्या शतकात पाऊल हा विचारवंतांच्या आस्थेचा विषय बनला. डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रस कँपर याने १७८१ साली उत्तम जोडा कसा असावा यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. माणसाने घोड्यांच्या, खेचरांच्या आणि बैलांच्या पायांची एवढी निगा राखली. पण स्वतःच्या पायांकडे मात्र साफ दुर्लक्ष केले, अशी त्याची तक्रार होती. तक्रार रास्त होती. त्या काळी युरोपात बहुतेक जोडे डावा-उजवा असा भेद न करता, दोन्ही पायांसाठी एकाच साच्यावर शिवले जात. उंच टाचांमुळे प्रत्येक पायाचा वेगळा साचा कोरणे चर्मकारांना जिकिरीचे झाले होते. दोन्ही पायांना सारखाच बसणारा जोडा म्हणजे खरे तर कोणत्याच पायाला न बसणारा जोडा.

त्याच सुमारास पायाच्या दुखण्यांवर इलाज करणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग उदयास आला. फ्रान्सच्या १६व्या लुईच्या दरबारी लाफोरे नावाचा पायांचा सर्जन होता. त्याने पायांच्या निगेवर ग्रंथ लिहिला. लंडनच्या डेव्हिड लो याने १७८५ साली 'कायरोपोडोलॉजिया' प्रसिद्ध केला, आणि त्यातील बराच मजकूर लाफोरेच्या ग्रंथातून सरळ उचलला. वाङ्मयचौर्यातून का होईना, इंग्रजीला 'कायरोपोडिस्ट' हा शब्द मिळाला. पुढे राणी व्हिक्टोरियाच्या पायांची काळजी वाहणाऱ्या लुईस डर्लाकर याने १८४५ साली कुरूप, बनियन आणि नखांच्या रोगांवर विस्तृत ग्रंथ लिहिला. या मंडळींची हत्यारे म्हणजे चाकू, पोटीस, मलम, जळवा आणि मऊ चामड्याच्या गाद्या. सुजलेली पिशवी हाच त्यांच्या दृष्टीने रोग होता. सूज उतरली की रुग्ण आनंदाने घरी जाई आणि तोच जोडा पुन्हा पायात घाली.

दृष्टी बदलू लागली ती १९व्या शतकाच्या मध्यावर. मेंदूतील वाचाकेंद्रामुळे ज्याचे नाव आज सर्वांना माहीत आहे, त्या पॉल ब्रोका याने त्याआधी, १८५२ साली, जोड्यांमुळे पावलाच्या पुढच्या भागात होणाऱ्या विकृतींवर निबंध लिहिला होता. थोर माणसांच्या उमेदवारीच्या काळात असे विषय हटकून सापडतात. झुरिकच्या हेरमान फॉन मायर याने त्याच दशकात दाखवून दिले की निरोगी पायात अंगठ्याची मध्यरेषा मागे वाढवली तर ती टाचेच्या मध्यातून जाते. तेव्हा जोडाही त्याच रेषेवर बेतला पाहिजे. चांभाराच्या साच्याला शरीरशास्त्राने घातलेली ही पहिली ठाम अट.

आणि मग आला कार्ल ह्यूटर. ग्राइफ्सवाल्ड येथील हा जर्मन सर्जन सांध्यांच्या रोगांचा अभ्यासक. सुमारे १८७०च्या त्याच्या लेखनात या विकृतीला 'हॅलक्स वॅल्गस' हे नाव मिळाले. हॅलक्स म्हणजे पायाचा अंगठा, वॅल्गस म्हणजे मध्यरेषेपासून बाहेर कललेला. नामकरणात काय एवढे, असे वाटेल. पण जुने नाव उंचवट्याचे होते, नवे नाव दिशेचे होते. गाठीऐवजी कोन हा रोग ठरला.

गंमत अशी की नाव बदलूनही हात जुन्याच वाटेने चालत राहिले. खुद्द ह्यूटरची शस्त्रक्रिया म्हणजे त्या लांब हाडाचे टोकच कापून काढणे. उंचवटा जाई, पण ज्यावर चालताना भार पेलायचा तेही जाई.

येथे त्या काळच्या सर्जनला थोडा न्याय द्यायला हवा. १८४६ मध्ये ईथरने भूल देता येऊ लागली; १८६७ मध्ये लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक राखण्याची पद्धत मांडली. त्यापूर्वी केवळ दुखणाऱ्या अंगठ्यासाठी सांधा उघडणे म्हणजे पाय, किंवा प्राणही, पणाला लावणे. ज्याने कोणी मारत नाही अशा रोगासाठी मरण्याची जोखीम कोण घेईल? म्हणून या व्याधीच्या शस्त्रक्रियेचा खरा इतिहास लिस्टरनंतरच सुरू होतो.

१८८१ साली जिनिव्हाच्या जाक-लुई रेव्हर्दाँ याने एक वेगळीच कल्पना मांडली. त्याने नुसता उंचवटा तासला नाही. हाडाच्या टोकामागून पाचरीच्या आकाराचा तुकडा काढला आणि टोक वळवून अंगठा सरळ केला. म्हणजे कोनावर उपाय कोनानेच. कललेली भिंत प्रथमच कोणीतरी ओळंब्यात आणू पाहत होते. रेव्हर्दाँचे नाव मात्र त्वचारोपणासाठी गाजले, आणि अंगठ्याच्या बाबतीत जगाने दुसरीच वाट धरली.

ती वाट विल्यम केलर याची. हा अमेरिकी लष्करातील सर्जन. पुढे वॉल्टर रीड रुग्णालयाच्या शल्यविभागाचा प्रमुख झाला. त्याने १९०४ साली सुचवलेली शस्त्रक्रिया साधी होती: उंचवटा तासायचा आणि अंगठ्याच्या पहिल्या पेऱ्याचा मागचा भाग कापून टाकायचा. सांधा सैल पडतो, ओढ संपते, अंगठा सरळ होतो, वेदना थांबते. १९०८ साली चार्ल्स मेयो याने याच्या उलट, लांब हाडाचे टोक कापून त्या जागी सुजलेल्या पिशवीचीच घडी गादीसारखी बसवली. दोन्ही पद्धती झटपट होणाऱ्या आणि शिकायला सोप्या. केलरची पद्धत तर पुढे अनेक दशके जगभर चालली.

त्याची किंमत रुग्णांनी चुकवली. अंगठा आखूड झाला, लुळा पडला, काहींचा वरच्या दिशेला उचलला गेला. अंगठा जमीन दाबेनासा झाला की तो भार शेजारच्या बोटांमागच्या हाडांवर येतो. मग तळव्याच्या मध्यभागी नवे दुखणे आणि नवी घट्टे. थकलेल्या, फारसे न चालणाऱ्या वृद्धासाठी हा सौदा फायद्याचा ठरू शकतो, आणि अशांसाठी ती शस्त्रक्रिया आजही काही प्रमाणात वापरली जाते. पण दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या तिशीतल्या बाईवर ती केली, तर तिच्या पायाचा मुख्य खांबच काढून घेतल्यासारखे होते. केलरला दोष द्यावा असे मला वाटत नाही. दोष आहे तो एकच किल्ली सगळ्या कुलपांना लावणाऱ्यांचा.

दरम्यान एक नवे साधन हाती आले होते. रॉन्टगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले, आणि जिवंत माणसाच्या पायातला कोन मोजता येऊ लागला. आज साधारणपणे अंगठ्याचा कल १५ अंशांच्या आत आणि पहिल्या दोन लांब हाडांमधील कोन ९ अंशांच्या आत असेल, तर पाय ठीक मानतात. हे चित्र पाहणाऱ्यांच्या ध्यानात येऊ लागले की अंगठ्याच्या कलण्यामागे बरेचदा ते लांब हाडच शेजाऱ्यापासून फटकून उभे असते.

१९२८ साली ओक्लाहोमाच्या अर्ल मॅक्ब्राइड याने हाडाला फारसा हात न लावता, अंगठ्याला आत खेचणारा स्नायुबंध सोडवून तो लांब हाडाला जोडला. १९३४ साली न्यूयॉर्कच्या पॉल लॅपिडस याने आणखी मागे जाऊन, पावलाच्या मध्यभागी जिथून ते हाड निघते तो सांधाच सरळ करून कायमचा जोडून टाकला. त्याची उपपत्ती मोठी चमत्कारिक होती: काही माणसांत हे हाड वानरपूर्वजांच्या फांदी पकडणाऱ्या अंगठ्यासारखे सैल आणि वेगळे राहते, असे तो मानी. उपपत्ती पुढे मागे पडली, पण शस्त्रक्रिया टिकली. आणि स्क्रू व पट्ट्या चांगल्या मिळू लागल्यावर ती गेल्या काही दशकांत पुन्हा मोठ्या प्रमाणावर होऊ लागली.

पण दोष जोड्याचा की रक्ताचा? या वादाचाही इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ फारसा अभिमानास्पद नाही. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे जागतिक प्रदर्शन भरले. त्यात फिलिपिन्समधून आणि मध्य आफ्रिकेतून आणलेली जिवंत माणसे प्रेक्षकांसमोर मांडली होती. फिल हॉफमन नावाच्या डॉक्टरने तिथे अनवाणी वावरणाऱ्या लोकांच्या १८६ जोडी पायांची तपासणी केली. मोकळी, पंख्यासारखी पसरलेली बोटे पाहून त्याने १९०५ साली लिहिले की पाऊल बिघडवतो तो जोडाच. निष्कर्ष मोलाचा, पण ज्या माणसांच्या पायांवरून तो निघाला, ती तिथे प्रदर्शनातील वस्तू म्हणून उभी होती, हेही विसरू नये.

याहून काटेकोर पुरावा १९५८ साली हाँगकाँगमधून आला. एकाच चिनी समाजातील ११८ जोडे घालणारे आणि १०७ अनवाणी राहणारे, मुख्यतः होडीवर जन्म काढणारे लोक तपासले गेले. जोडेवाल्यांत ही विकृती ३३ टक्के; अनवाण्यांत १.९ टक्के. जपानी संशोधकांनीही नोंदवले की लाकडी गेता आणि झोरी वापरणाऱ्या त्यांच्या समाजात ही व्याधी विरळ होती. दुसऱ्या महायुद्धानंतर चामडी बूट रुळले, तशी ती वाढली. गेतामध्ये अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये पट्टा असतो. आपल्या कोल्हापुरी वहाणेतही अंगठ्याला स्वतंत्र वेढा आणि पुढे मोकळी जागा असते. मात्र यावरून 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे संदेश कृपया फिरवू नका. हाँगकाँगच्या त्या १.९ टक्क्यांनी जोडा घातलाच नव्हता, तरी त्यांचे अंगठे वाकले होते. ही व्याधी घराण्यांतून उतरते, हेही रुग्णांच्या कुटुंबांच्या पाहणीतून वारंवार दिसले आहे. सैल सांधे आणि विशिष्ट ठेवण वारशाने मिळते. अरुंद जोडा त्या कमकुवत जागी बोट ठेवतो. स्त्रियांत प्रमाण कितीतरी जास्त का, याचे उत्तरही या दोन्ही कारणांत मिळून शोधावे लागते.

आता वर्तमानाकडे. या एका अंगठ्यासाठी आजवर शंभराहून अधिक शस्त्रक्रिया सुचवल्या गेल्या आहेत. ज्या रोगाला शंभर इलाज असतात, त्याला एकही पूर्ण नसतो, हे आपल्याकडचे जुने वैद्यही सांगतील. आजच्या प्रचलित पद्धती मात्र रेव्हर्दाँच्या वंशातल्या आहेत. डेल ऑस्टिन याने १९६२ पासून केलेली आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेली 'शेव्हरॉन' हाडाच्या टोकाजवळ आडव्या व्ही अक्षरासारखा काप घेते आणि टोक सरकवते. 'स्कार्फ' पद्धतीत झेड अक्षरासारखा लांब काप असतो. हे नाव गळ्यात गुंडाळायच्या वस्त्रावरून नव्हे, तर सुतार दोन लाकडे एकमेकांत बसवून जो लांब सांधा करतात त्यावरून आले आहे. कोन लहान असेल तर काप टोकाजवळ, मोठा असेल तर मागे, आणि मूळचा सांधाच सैल असेल तर लॅपिडस, असा आजचा ढोबळ विचार. हाड जुळायला आठवडे लागतात, सूज काही महिने राहू शकते, आणि काहींचा अंगठा पुन्हा कलतो.

शस्त्रक्रियेविना? रुंद पुढचा भाग असलेला जोडा, गाद्या, बोटांमधील रबरी ठोकळे, रात्री बांधायच्या पट्ट्या. यांतून वेदना कमी होऊ शकते. पण प्रौढ माणसाचा कोन त्यांनी कायमचा सरळ होतो याला भक्कम पुरावा नाही, जाहिराती काहीही म्हणोत. फिनलंडमध्ये २०९ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यागत तीन गट करून, एकावर शेव्हरॉन शस्त्रक्रिया केली, दुसऱ्याला जोड्यात घालायचे आधार दिले आणि तिसऱ्याला नुसते थांबायला सांगितले. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी आधारवाल्यांनाही थोडा आराम होता. वर्ष झाल्यावर मात्र शस्त्रक्रिया झालेलेच स्पष्टपणे पुढे होते. हे सारे रुग्ण वेदना घेऊन आलेले होते. केवळ दिसायला बरे वाटावे म्हणून न दुखणाऱ्या अंगठ्यावर चाकू चालवू नये, यावर आजचे बहुतेक अस्थिशल्यविशारद एकमत आहेत.

तेव्हा आज कोणी अंगठा दाखवायला गेले, तर जाणता डॉक्टर उंचवट्याला हात लावण्याआधी पायावर भार देऊन उभे करतो आणि तशाच अवस्थेत क्ष-किरण चित्र काढून कोन मोजतो. मग विचारतो, दुखते का? आणि रोज पायात काय घालता?